लग्नाची सीडी

कपाटाच्या लॉकरखालच्या कप्प्यात, शालूच्या घडीशेजारी ती आडवी पडलेली असते. अंगावर फोटोंचा जाड अल्बम आणि त्यावर विम्याच्या कागदांची फाइल. कव्हर पारदर्शक प्लॅस्टिकचं. आत गुळगुळीत कागदावर बदामाच्या चौकटीत नवरानवरी, आणि मागे त्या दोघांनीही कधी न पाहिलेले बर्फाचे डोंगर. खाली लाल वळणदार अक्षरांत 'शुभविवाह', तारीख आणि ९५२५१ने सुरू होणारा स्टुडिओचा फोन नंबर. मुंबईहून कल्याण-डोंबिवलीला फोन लावताना आधी ९५ लावावे लागत, त्या मोजक्या वर्षांतली ती आहे. असली डीव्हीडी तरी घरात तिला सगळे सीडीच म्हणतात. ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या पारनाक्यापर्यंत, २००० ते २०१०च्या दरम्यान ज्या घरात लग्न, मुंज किंवा बारसं झालं, त्या घरात बहुधा ती आहे.

दिसायला अजून देखणी. व्यास १२० मिलिमीटर, जाडी जेमतेम १.२. एक बाजू पांढरी, त्यावर मार्करने लिहिलेलं 'भाग २'. दुसरी बाजू जांभळट. खिडकीशी धरली की तिच्यावरून रंगांचा पट्टा सरकतो. वजन जवळजवळ नाहीच. आणि एवढ्याशा अंगात अख्ख्या दिवसाचं कार्य, पहाटेच्या मांडवापासून रात्रीच्या वरातीपर्यंत.

तिचा जन्म स्टेशनजवळच्या कुठल्याशा गाळ्यातला. हॉलमध्ये खांद्यावर कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्या पुढे प्रखर दिवा उंच धरलेला पोरगा, पाहुण्यांच्या पायांत येणारी वायर आणि त्या उजेडात घामाने निथळणारे गुरुजी. मग महिना-दोन महिने 'मिक्सिंग चालू आहे' हे उत्तर. त्या काळात मुलीच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, मामाच्या चेहऱ्याचे आठ तुकडे होऊन पुन्हा जुळायचे, मंगळाष्टकांनंतर सिनेमातलं गाणं यायचं. शेवटी पन्नास कोऱ्या चकत्यांच्या डब्यातून एक निघायची आणि कॉम्प्युटरमध्ये जायची. कल्याण-डोंबिवलीत तेव्हा भारनियमन जोरात होतं. चकती लिहिता लिहिता वीज गेली की ती वाया. म्हणून गाळेवाले वेळापत्रक बघून लिहायला बसत.

'कॅसेटची सीडी करून मिळेल' अशा पाट्या तेव्हा ठिकठिकाणी होत्या. नव्वदीतल्या मुंजी, डोहाळजेवणं, सोसायटीचा गणपती असं सगळं व्हीएचएस कॅसेटवरून चकतीवर आलं. आणि मग घरोघरी एकच गोष्ट झाली: सीडी झाली ना, मग या ठोकळ्यांना जागा कशाला? कॅसेटी भंगारात गेल्या. कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या कंपन्या शंभर-शंभर वर्षांच्या आयुष्याची ग्वाही देत होत्या, मग लोकांनी दुसरं काय करायचं? मला त्या विश्वासाचा राग येत नाही. त्याचं फार वाईट मात्र वाटतं.

टीव्हीखालच्या खणात तिची शेजारीण असते, विकतची सीडी. मराठी नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमे, देवाची गाणी. मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा पायरसीवाल्यांकडे जाणारी कितीतरी घरं दुकानात गेली. पुढे २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात गेली, पण तिच्या चकत्या घराघरांत राहिल्या. दोघी शेजारणी दिसायला सारख्या, घडण अगदी वेगळी. विकतची साच्यात दाबलेली असते. तिच्या प्लॅस्टिकमध्ये सूक्ष्म खळगे कायमचे उमटलेले आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. लग्नाच्या सीडीत खळगे नसतातच. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक थर असतो. लेसरने त्या रंगावर जागोजागी भाजल्यासारख्या खुणा केलेल्या असतात, आणि तीच तिची सगळी आठवण. ऊन, उष्णता, दमट हवा यांनी रंग हळूहळू बदलतो. खूण कोणती आणि कोरी जागा कोणती, हे वाचणाऱ्या लेसरला कळेनासं होतं.

विकतच्या सीडीही अमर नाहीत. वॉर्नर ब्रदर्सने २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये दोष असल्याचं २०२५ मध्ये मान्य केलं आणि शक्य तिथे बदलून द्यायची तयारी दाखवली. सिनेमाची दुसरी प्रत जगात कुठेतरी असते. डोंबिवलीतल्या एका लग्नाची दुसरी प्रत कोणती कंपनी देणार?

तिच्या स्वभावातली खरी गोष्ट आता सांगतो. ती दुखणं सांगत नाही. कॅसेट बिघडायला लागली की आधी पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज घरघरायचा, चित्राला बाक यायचा. घरातल्या सगळ्यांना कळायचं की हिचे दिवस भरत आलेत. ही तशी नाही. अंगात ताप असताना 'मला काही झालेलं नाही' म्हणत ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईसारखी ती शेवटपर्यंत हसत चालते. यामागे गणित आहे. आयर्विंग रीड आणि गुस्टाव सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० मध्ये एक संकेतपद्धती मांडली. मूळ माहितीसोबत हिशेबाने काढलेले जादा आकडे लिहून ठेवायचे. मधले काही आकडे पुसले गेले तर उरलेल्यांवरून ते पुन्हा काढता येतात. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती ही पद्धत पोटात घेऊनच. शिवाय शेजारशेजारचे आकडे चकतीवर दूर दूर विखरून लिहिलेले असतात, म्हणजे एका ओरखड्याने एकाच जागेचं फार नुकसान होत नाही. साध्या सीडीवर वाटेतला सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा नष्ट झाला तरी तो भरून निघतो. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून या दुरुस्तीचा एक थर गाळलेला असतो, त्यामुळे जुन्या व्हीसीडींवर चौकोन लवकर दिसू लागतात.

म्हणजे वर्षानुवर्षं ती झिजत असते आणि पडद्यावर काहीही दिसत नाही. चुका वाढत जातात, ती त्या आतल्या आत भरून काढते, आपण समाधानाने तिला कपाटात ठेवतो. मग एका दिवाळीत चुका तिच्या हिशेबाच्या पलीकडे जातात. चित्र फुटतं, चौकोन येतात, आत्याचं वाक्य अर्ध्यावर अडकतं, प्लेअर घरघरतो आणि पडद्यावर 'नो डिस्क' येतं. घरातला कोणीतरी म्हणतो, 'परवापर्यंत तर चालत होती.' खरंच चालत होती.

आपला भाग तिला मानवणारा नाही. अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेनुसार तिला ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. खाडी आणि उल्हास नदी यांच्यामधल्या वस्तीत जुलैची हवा कशी असते ते सांगायला नको. पापड सादळतात, चामडी पट्ट्यांवर बुरशी येते, तीच हवा हिच्या कडेतून आत शिरते. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने चिकटवून केलेली एक. दमटपणाने कडेचा जोड सुटू लागतो. लिहिण्याच्या चकत्यांना बहुतेक चांदीचा मुलामा असतो. देवघरातली चांदीची निरांजनं हवेतल्या गंधकाने काळवंडतात आणि आपण ती सणाला घासतो. हिची चांदी घासता येत नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या एका सीडीवर तर बुरशीने प्लॅस्टिक आणि धातू दोन्ही पोखरल्याचं २००१ मध्ये स्पॅनिश संशोधकांनी नोंदवलं. त्यांनी दिलेलं तिथल्या उष्ण, दमट हवेचं वर्णन वाचताना मला आपला श्रावण आठवला.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास, वालधुनीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या घरांतून चिखलाने माखलेले अल्बम आणि सीडी बाहेर काढल्या गेल्या. पाण्याने चकती लगेच मरत नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन, न घासता वाळवली तर ती बहुधा वाचते. घात करतो तो कव्हरमधला ओला कागद. तो पाठीला चिकटून वाळतो आणि सोलून काढताना सीडीच्या पाठीवरचा लाखेचा थर, त्याखालच्या धातूसकट, घेऊन येतो. लोक जांभळ्या बाजूला जपतात. साध्या सीडीत नाजूक बाजू वरची, नाव लिहायची, असते. बॉलपेनने जोर देऊन लिहिलेली तारीखसुद्धा तिला भोवते.

ती मरते तेही एका क्रमाने. लेसर आतल्या वर्तुळापासून बाहेर लिहीत जातो, म्हणजे सुरुवात मधल्या भोकाजवळ आणि शेवट कडेला. बोटं लागतात कडेला, हवा शिरते कडेतून, जोड सुटतो तोही कडेला. चकती काठोकाठ भरलेली असेल तर लग्नाचा शेवट आधी जातो. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नाची सीडी नव्या सुनेला दाखवायला काढली. सीमांतपूजन दिसलं, अंतरपाट दिसला, मंगळाष्टका स्वच्छ ऐकू आल्या, जेवणाच्या पंक्ती दिसल्या. पाठवणी आली आणि चित्र थिजलं. काका त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा हलता-बोलता चेहरा त्या कडेच्या काही मिलिमीटरांतच होता. मूळ कॅसेट कधीच भंगारात गेलेली.

एका काकूंच्या घराबाहेर ही गोष्ट किती पसरली आहे, याची मला खरी काळजी आहे. आजी-आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो अजून टिकून आहेत. आजचं बारसं मोबाइलवर आहे आणि त्याच्या दहा प्रती दहा नातेवाइकांकडे गेल्या आहेत. मधली दहा-पंधरा वर्षं मात्र जवळजवळ पूर्णपणे या चकत्यांवर आहेत. आणि त्यांच्यात नुसती माणसं नाहीत, गाव आहे. काकूंच्या सीडीत वऱ्हाडाची बस कल्याणच्या पत्रीपुलावर अडकली आहे. कंटाळलेला शूटिंगवाला खिडकीतून बाहेरचं चित्र घेत राहिला आहे. तो ब्रिटिशकालीन पूल २०१८ मध्ये पाडला. ज्या बैठ्या घराच्या अंगणात हळद लागली, तिथे आता टॉवर उभा आहे. डोंबिवलीच्या फडके रोडची पाडव्याची शोभायात्रा, मंडळांची स्नेहसंमेलनं, शाळांची गॅदरिंग्ज, हे सगळं अशाच कुणा गाळेवाल्याने लिहून दिलेल्या चकत्यांवर आहे. वाचनालयांनी आणि ज्ञातिसंस्थांनी पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक चांगला ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क ठेवावी, सभासदांच्या सीडी उतरवून द्याव्यात, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. खर्च फारसा नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे, कारण नव्या लॅपटॉपमध्ये चकती घालायला जागाच नाही.

काकूंची सीडी मी ओळखीच्या एका गाळेवाल्याकडे नेली. त्याच्याकडे जुन्या ड्राइव्हची चळतच आहे, कारण एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा कधी कधी वाचतो. त्याने ती सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसली, गोल फिरवून नाही. मग 'डीडीरेस्क्यू' हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला. तो आधी सहज वाचता येईल तेवढं उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि मग पुन्हा पुन्हा त्या जागांकडे वळतो. शेवटचा भाग तरीही निघेना. तेव्हा त्याने विचारलं, 'दुसरी कॉपी कोणाकडे गेली होती का?'

गेली होती. मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीत एडिसनला गेली, तेव्हा बॅगेत एक प्रत होती. तिथल्या टीव्हीच्या प्लेअरने आपली 'पाल' या टीव्ही-पद्धतीची चकती घेतली नाही, म्हणून ती कोरड्या, थंड घरातल्या ड्रॉवरमध्ये हात न लागता पडून राहिली. मुलीने ती तिथे कॉम्प्युटरवर उतरवून पाठवली. दोन्ही प्रती एकाच मुळावरून लिहिलेल्या, त्यामुळे डोंबिवलीच्या प्रतीतली भोकं एडिसनच्या प्रतीने जशीच्या तशी भरली.

गेल्या रविवारी काकूंच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले होते. पाठवणी आली तेव्हा काकूंनी चित्र थांबवायला लावलं, मागे घ्यायला लावलं, पुन्हा थांबवायला लावलं. मग त्या एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवून नावं सांगू लागल्या: ही माझी मावसबहीण, ही पलीकडच्या चाळीतल्या जोशीकाकू, तो पोरगा आता बँकेत आहे. सून वहीत लिहून घेत होती, कारण सीडीवर चेहरे आहेत पण नावं कुठेच नाहीत. बॅग उचललेल्या एका गृहस्थापाशी गाडी अडली. काकूंच्या मते ते मुरबाडकडचे, काकांच्या बाजूचे. थोरल्या नणंदबाई फोनवरून ठामपणे सांगत होत्या की नाही, ते शहापूरचे, आणि नाव विचारायला त्या गृहस्थांच्या मुलाचा नंबर शोधत होत्या.