पिवळी गोळी

आमच्या बदलापूरच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं, की दूधवाला, केबलवाला आणि डॉक्टर असे तीन पत्ते मी न विचारता द्यायचे. डॉक्टरांबद्दल तर छातीठोकपणे सांगायचे, ‘‘हाताला गुण आहे. सकाळी सुई टोचली की संध्याकाळी माणूस उभा.’’ लोकलमधून चेंगरत रात्री नऊला घरी पोचणाऱ्या बाईला असाच डॉक्टर हवा असतो. तक्रार सांगून व्हायच्या आत कंपाउंडर पुड्या बांधायला घ्यायचा. पांढरी, गुलाबी, अर्धी पिवळी. फी औषधांसकट. यात खटकण्यासारखं काही आहे, असं मला कित्येक वर्षं वाटलं नाही.

जुलै २०१९मध्ये उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली. त्याच पावसात आई गुडघाभर पाण्यातून घरी आली. आठवड्याभरात ताप. सुई, पुडी, संध्याकाळी ताप उतरला, मी निवांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. पुन्हा सुई, पुन्हा पुडी. पाचव्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा रिक्षा केली आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘‘आधी कोणती औषधं चालू होती?’’

मी पर्समधून पुडी काढली. ‘‘ही पिवळी, दिवसातून तीनदा.’’

‘‘पिवळी म्हणजे कोणती?’’

मी गप्प. बँकेत लोकांची कागदपत्रं अपुरी म्हणून परत पाठवणारी मी, आईच्या पाच दिवसांच्या उपचाराचा एक चिटोराही दाखवू शकत नव्हते. मधुमेही आईची साखर चारशेच्या वर गेलेली. ‘‘स्टेरॉइड दिलं होतं का? त्यानं ताप झटकन उतरतो, पण साखर चढते.’’ मला काय ठाऊक! मग त्यांनी विचारलं, ‘‘पुराच्या पाण्यातून चालल्या होत्या का?’’ दवाखान्यात हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही सांगितलं नव्हतं. लेप्टोचा, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय धरून त्यांनी औषध सुरू केलं. दहा दिवसांनी आई घरी आली.

ती गोळी कसली होती, ते मला आजही माहीत नाही. त्यामुळे त्या डॉक्टरांना धड दोषही देता येत नाही, आणि माझी खरी चिडचिड त्याचीच आहे.

अव्हेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६मध्येच लिहून ठेवलंय, की उपचार जोखताना साधनं-व्यवस्था, उपचाराची प्रत्यक्ष पद्धत आणि परिणाम असं तिन्ही बघावं. मी फक्त परिणाम बघत होते, तोही त्याच संध्याकाळपुरता. सुई मीच मागायचे, घाई माझीच असायची, हेही कबूल करते. ‘ताप आहे, तीन दिवस बघू’ म्हणणाऱ्या अंबरनाथच्या एका डॉक्टरांना मी पूर्वी ‘त्यांना काही येत नाही’ म्हणून सोडलं होतं.

आता आईला घेऊन त्यांच्याकडेच जाते. माणूस गोड नाही. दीड दीड तास बसवतात, वर पथ्यावरून झापतात. पण कागदावर औषधाचं नाव वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरात असतं आणि वर त्यांचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायलाच हवा, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांत आहे. वीस-वीस हजारांच्या कर्जाला तीन सह्या मागणाऱ्या मला ते आईच्या आजारपणानंतर कळलं.

आईला मात्र हे काही पटलेलं नाही. परतीच्या लोकलमध्ये दर खेपेला तेच ऐकवते, ‘‘एवढ्या लांब यायचं, आणि हातात काय, तर कागद! त्या डॉक्टरांच्या हाताला गुण होता हो.’’