भंगारातून उठलेलं विमान

बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या मोताळ्यात मलकापूर रोडला माझं ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांचं गॅरेज. आता ते पुतण्या चालवतो. लेक अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरात असते. कोरोनाच्या आधी आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो होतो. घाटाखालच्या माणसाला तिथल्या उन्हाचं काही वाटलं नाही, आपल्याकडे मे महिन्यात असंच तापतं. नवल वाटलं ते जमिनीचं. आपली काळी जमीन पावसाळ्यात ट्रॅक्टरचं चाक गिळते. तिथल्या मातीखाली चुन्याचा असा कडक थर आहे की अवजड बॉम्बफेकी विमानं काँक्रीट न टाकता उघड्यावर उभी करता येतात. पाऊस वर्षाला जेमतेम बारा इंच, हवेत दमट‌पणा नाही, त्यामुळे पत्रा गंजत नाही.

म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, अमेरिकेनं तिथल्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळावर नको असलेली लष्करी विमानं आणून ठेवायला सुरुवात केली. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या पिमा विमान संग्रहालयातून या तळावर बसची फेरी असे. खाली उतरायची परवानगी नव्हती. खिडकीतून मी बघत राहिलो. रांगाच रांगा, हजारो विमानं. ज्यांना जपायचं त्यांचं इंधन काढून टाकलेलं, काचा आणि फटी पांढऱ्या लेपानं बंद केलेल्या. ज्यांचं आयुष्य संपलं त्यांचे सुटे भाग काढून घेतलेले, पोटं उघडी पडलेली. 1990 च्या दशकात रशियाबरोबरच्या अण्वस्त्रकपात करारापायी साडेतीनशेहून जास्त बी-52 विमानं इथेच तोडली. क्रेननं काही टनांचं पातं उंचावरून सोडायचं आणि विमानाचे तुकडे करायचे. ते तुकडे रशियाच्या उपग्रहांना दिसावेत म्हणून उघड्यावर ठेवले होते. गॅरेजवाल्या माणसाला हे ऐकताना पोटात तुटतं. एकेक रिवेट कुणीतरी हातानं बसवलेला असतो.

फेरी संपल्यावर संग्रहालयाच्या एका हँगरमध्ये शिरलो. समोर चार इंजिनांचं जाडजूड विमान, मागे दोन मोठी अंडाकृती शेपटं. बी-24 लिबरेटर. पंखांचा पसारा 110 फूट. बॉम्ब टाकायच्या जागेची दारं बाहेर न उघडता दुकानाच्या शटरसारखी वर गुंडाळली जातात, ते मी वाकून वाकून पाहिलं. लेक पाटी वाचत होती. ती म्हणाली, "बाबा, हे तर आपल्याकडून आलंय! भारतीय हवाई दलाचं आहे हे."

मला वाटलं, तिचं वाचण्यात काही चुकलं. पण खरंच होतं. हे विमान 1944 साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यात तयार झालं, ब्रिटिश हवाई दलाला मिळालं, मग भारतीय हवाई दलात एचई 877 या क्रमांकानं उडालं आणि 1969 मध्ये भारतातून टुसॉनला आलं. आज त्याच्यावर युद्धकाळातला अमेरिकी रंग आहे.

घरी येऊन लेकीकडून मिळेल ते शोधून घेतलं, वाचून घेतलं. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडची कितीतरी लिबरेटर कानपूरला पडून होती. अमेरिकेनं ती उसनवारीच्या करारावर दिलेली. युद्धानंतर एक तर परत करायची, नाही तर मोडायची, अशी अट. मग ती मुद्दाम नासवली. इंजिनात वाळू ओतली, उपकरणं फोडली, पत्र्याला भोकं पाडली. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत, हाच हेतू.

1947 च्या शेवटी काश्मीरची लढाई पेटली. नव्या देशाच्या हवाई दलाकडे अवजड बॉम्बफेकी विमान नव्हतं आणि विकत घ्यायला पैसाही नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे मिस्त्री आणि इंजिनिअर कानपूरच्या त्या ढिगात उतरले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये काढलेला हा कारखाना. युद्धात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचं मोठं काम तिथे झालं होतं, त्यामुळे हात तयार होते. एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी आधी उडण्यापुरती डागडुजी केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली, आणि तिथे त्यांचं पूर्ण ओव्हरहॉल झालं. अशी चाळीसच्या वर विमानं उभी राहिली. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांच्यावर हवाई दलाचं 5 क्रमांकाचं स्क्वाड्रन उभं राहिलं. पुढे पुण्याच्या लोहगावहून 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रननं हीच विमानं समुद्रावरच्या टेहळणीसाठी 1968 पर्यंत वापरली.

वाळू गेलेलं इंजिन म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे एअर फिल्टर फाटून नुसती धूळ आत गेली तरी लायनर ओरखडतात, रिंगा खलास होतात, तेलात लोखंडाची भुकटी उतरते. सगळं खोलून, धुऊन, क्रँकचं माप घेऊन मगच जोडणी करावी लागते. तेही तीन-चार सिलिंडरचं इंजिन. लिबरेटरच्या एकेका इंजिनाला चौदा सिलिंडर आणि बाराशे अश्वशक्ती, अशी चार इंजिनं. माझं काम चुकलं तर ट्रॅक्टर शेतात बंद पडतो. त्यांचं चुकलं असतं तर वैमानिक गेला असता. मुन्शी त्या विमानात बसले, यातच त्या मिस्त्र्यांच्या कामावरचा भरवसा दिसतो.

अमेरिकेत युद्धात अठरा हजारांवर लिबरेटर बनली. युद्धानंतर बहुतेक वितळवून त्यांचं ॲल्युमिनियम करून टाकलं. जगात आज जी मोजकी उरली आहेत, त्यांपैकी टुसॉनचं, ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयातलं, कॅनडातलं आणि दिल्लीला पालमचं, ही भारतीय हवाई दलात उडालेली आहेत. ज्यांनी ती बनवली त्यांच्याच देशात यातलं एक विमान आपल्याकडून गेलं. ही आपल्या कारागिरांची कमाई आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

मुन्शींचं नाव तरी राहिलं. पाना धरणाऱ्यांची नावं मला कुठे सापडली नाहीत. तुमच्या घरातले कुणी आजोबा, काका कानपूरला, बंगळूरच्या कारखान्यात किंवा लोहगावच्या तळावर या विमानांवर काम केलेले असतील, तर त्यांची आठवण, जुना फोटो, कामाची वही जपून ठेवा. सांगणारं कुणी असेल तर समोर बसून लिहून घ्या. हे काम आजच करा, कारण ती पिढी आता फार थोडी उरली आहे.