न बांधलेला पक्षी : नागपूरच्या शिकारी पक्ष्यांचे चित्रण

शिकारी पक्षी या संज्ञेत घारी, शिक्रे, ससाणे, गरुड, गिधाडे हे दिवसा उडणारे पक्षी येतात आणि रात्री भक्ष्य शोधणारी घुबडेही येतात. आकडीसारखी वळलेली चोच, घट्ट पकड घेणाऱ्या नख्या आणि दूरवर पोहोचणारी दृष्टी ही त्यांच्यापैकी बहुतेकांची समान लक्षणे होत. या पक्ष्यांच्या चित्रणाची परंपरा जुनी असली तरी ती बहुतांशी बांधलेल्या किंवा मेलेल्या पक्ष्याची परंपरा आहे. इराणच्या शाह अब्बासने पाठवलेला एक ससाणा मेल्यावर जहांगीराने त्याचे चित्र उस्ताद मन्सूरकडून काढून घेतले, अशी नोंद बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. दरबारी चित्रांतले ससाणे पायांत चामडी बंध घेऊन अड्ड्यावर किंवा मीरशिकाराच्या (दरबारी शिकारप्रमुखाच्या) हातावर बसलेले दिसतात. अमेरिकेत ऑडुबॉनने १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भव्य चित्रसंग्रहासाठी पक्षी मारून, तारेने हव्या त्या आविर्भावात उभे करून रंगवले. जिवंत आणि मोकळा शिकारी पक्षी तासन्‌तास डोळ्यांसमोर ठेवण्याची सोय मन्सूर आणि ऑडुबॉन या दोघांपेक्षा नागपूरच्या गच्चीवर बसलेल्या चित्रकाराला अधिक आहे, कारण रानात माणूस दिसताच उडून जाणारा हा पक्षी शहरात माणसाची चाहूल अंगवळणी पाडून घेतो.

या सोयीचा पहिला लाभ घारीपासून होतो, आणि घार नेहमीची म्हणून तिच्याकडे पाठ फिरवून दुर्मिळ ससाण्यामागे धावणारा नवशिका चित्रकार आपल्या सर्वांत चांगल्या गुरूला मुकतो. दख्खनच्या पक्ष्यांची सूची करणाऱ्या कर्नल सायक्सने १८३२ मध्ये तिला दिलेले ‘गोविंदा’ हे नाव तिच्या भारतीय उपजातीच्या शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. शेपटीतली खाच ही घारीची ओळख म्हणून प्रत्येक पुस्तकात सांगितली जाते. परंतु वळण घेताना ती शेपटी पूर्ण पसरते तेव्हा खाच नाहीशी होऊन कडा जवळजवळ सरळ होते, आणि पुढच्याच क्षणी एक बाजू खाली, दुसरी वर अशी शेपटीला पीळ पडतो. ज्याने केवळ ओळखीचे चिन्ह पाठ केले तो प्रत्येक घारीला खाच काढतो; ज्याने घार पाहिली तो शेपटी सुकाणूसारखी काढतो.

उडत्या पक्ष्याचे रेखाटन एका बैठकीत पूर्ण होत नाही. एकाच पानावर आठ-दहा अपुरी रेखाटने एकदम सुरू ठेवावीत, घार पुन्हा त्याच आविर्भावात आली की त्या-त्या रेखाटनात एक रेषा भरावी आणि स्मरणातून काहीही पूर्ण करू नये, ही या कामाची रीत आहे. आधी पाठीच्या व पंखांच्या अक्षांच्या दोन रेषा, मग पंखाच्या मनगटाचा कोन, त्यानंतर टोकाकडील बोटांसारखी सुटी झालेली पिसे आणि डोळा सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला तर पक्षी हवेत तोललेला दिसतो. पंखाच्या बाह्य भागातील लांब पिसांना प्राथमिक पिसे म्हणतात. घारीच्या एका पंखात अशी दहा कार्यक्षम पिसे आणि शेपटीत बारा पिसे असतात, पण ही संख्या चित्रात मोजून भरण्यासाठी नव्हे, तर कोणते पीस कोणत्या पिसाखाली सरकते हे समजण्यासाठी ठाऊक असावी लागते. छायाचित्राची मदत जरूर घ्यावी, मात्र सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात गोठलेला पंख डोळ्यांनी कधीच पाहिलेला नसतो, म्हणून त्यावरून केलेले चित्र अचूक असूनही अनेकदा निर्जीव राहते.

नागपूरच्या प्रकाशाचा विचार येथे स्वतंत्रपणे करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असताना कागदावर पसरलेला जलरंगाचा ओला थर दुसऱ्यांदा कुंचला भरेपर्यंत वाळतो, त्यामुळे मोठे थर पहाटेच द्यावे लागतात. घारी मात्र जमीन तापून उष्ण हवेचे झोत वर उठू लागल्यावरच उंच चढतात, आणि रंगाची वेळ व पक्ष्याची वेळ यांचा मेळ कधीच बसत नाही. त्या वेळी घारीच्या पोटाखालची बाजू सावलीत असूनही काळी दिसत नाही, कारण सिमेंटचे रस्ते आणि गच्च्या यांवरून परतलेला उजेड तिला तांबूस-पिवळसर छटा देतो. नळीतला तयार काळा रंग येथे चित्र मारून टाकतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन यांच्या मिश्रणातून आलेला गडदपणा, त्यात यलो ऑकरचा किंचित अंश, हे त्या छटेच्या अधिक जवळ जाते.

शिक्रा हा घारीच्या उलट प्रकृतीचा पक्षी. सिव्हिल लाइन्समधील जुन्या बंगल्यांच्या झाडीत किंवा सेमिनरी हिल्सच्या वाटेवर तो दिसण्याआधी खारी आणि बुलबुल यांचा कालवा ऐकू येतो. राखी पाठ, गळ्यावर मधोमध एक गडद रेघ आणि छातीवर तांबूस आडवे पट्टे असा त्याचा प्रौढ वेष आहे; हे पट्टे सरळ ओढले तर छाती सपाट फळी होते, ते शरीराच्या गोलाईबरोबर वळवले तर तेच पट्टे आकार घडवतात. पिल्लाच्या छातीवर आडव्या पट्ट्यांऐवजी उभे फराटे असतात. सर्व शिकारी पक्ष्यांना रागीट भुवई देण्याची चूकही येथेच सुधारावी लागते: शिक्र्याच्या डोळ्यावर हाडाचा कंगोरा पुढे आलेला असतो, उंच इमारतींवरील आग्या मोहोळांच्या शोधात येणाऱ्या मधुबाजाचे डोके मात्र पारव्यासारखे सौम्य असते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयातील, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यातील, पेंढा भरलेले पक्षी पिसांची रचना समजून घेण्यास उपयोगी पडतात. बसण्याची ढब मात्र त्यांच्याकडून शिकता येत नाही.

घारीचे घरटे काढण्यास फेब्रुवारी-मार्चचा काळ उत्तम, कारण तेव्हा कडुनिंबाची पाने गळून फांद्या उघड्या होतात. काटक्यांत गुंतलेल्या चिंध्या, तारा, प्लास्टिक आणि संक्रांतीनंतर उरलेला मांजा हे सर्व चित्रात यायलाच हवे. ते गाळून घरटे ‘नैसर्गिक’ करणे म्हणजे त्या पक्ष्याचे आयुष्य खोटे सांगणे होय. पंखातील रिकाम्या जागाही तितक्याच निष्ठेने नोंदवाव्यात. पिसे झडताना साधारणपणे दोन्ही पंखांत सारख्याच ठिकाणी फट पडते, नायलॉन मांजाने कापलेला पंख एकाच बाजूने तुटका दिसतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर बंदी घातली, तरीही असे पंख वह्यांतून नाहीसे झालेले नाहीत. तुटका पंख चित्रासाठी भरून काढणे हा पक्ष्याशी केलेला अन्याय आहे. घरट्यापासून दूर राहून दुर्बिणीतूनच काम करावे, हा नियम चित्राच्या गरजेपेक्षा मोठा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असा पक्षी पकडणे वा पाळणे हा गुन्हाच आहे.

रेखाटनाखाली तारीख, वेळ, जागा आणि वाऱ्याची दिशा लिहिण्याची सवय महत्त्वाची, कारण आज सर्रास दिसणारा पक्षी उद्याही दिसेलच असे नाही. गिधाडांना घातक ठरलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशातील बहुतेक गिधाडे संपली होती; एके काळी ती शहरगावांभोवती इतकी सर्रास होती की त्यांची चित्रे काढून ठेवावीत असे फारसे कोणाला वाटले नाही. आज घारीही तितक्याच सर्रास आहेत. सूर्य मावळताना फुटाळा तलावाच्या पाण्यावर त्या घिरट्या घालतात तेव्हा रंग उरत नाहीत, फक्त काळसर आकृत्या उरतात, आणि उजेड पूर्ण जाईपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत पान भरून लहान लहान खुणा करता येतात: एक पीळ पडलेली शेपटी, एक वळलेले मनगट, एका पंखात एक फट.