मामांचं देणं

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या मिलमध्ये जो राबला, त्याला धुळीबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. भट्टीची काळी धूळ कपड्यांवर बसते, नाकात बसते, शेडच्या छतावरही बसते. छतावर ती काय करते, हे मला मामांनी दाखवलं. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेला फायबरचा पत्रा धुळीनं इतका माखतो, की शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यापासून तो वेगळा ओळखू येत नाही. सिमेंटचा पत्रा तरी कुठे माणसाचं वजन पेलतो? ऊन-पाऊस खाऊन जुना झाला की तडकन मोडतो. "आधी खालून बघून घे," मामा म्हणायचे. "वर गेल्यावर सगळे पत्रे सारखेच. उजेड कुठून येतो ते खालूनच दिसतं."

आयटीआय करून मी अप्रेंटिस लागलो तेव्हा ते मेंटेनन्सला होते. घनसावंगीकडचे. तरुणपणी विहिरी खोदणाऱ्या टोळीत यारीवर असत. माणूस खाली सोडण्याआधी अख्खा दोर मुठीतून ओढून बघायची त्यांची सवय तिथली. मिलमध्ये ते सेफ्टी बेल्टचे पट्टे तसेच चाचपत. वेल्डिंगची ठिणगी पडली की तिथला धागा वितळून टणक होतो. डोळ्यांना दिसला नाही तरी बोटांना लागतो. असा पट्टा सापडला की ते तिथल्या तिथे कापून टाकत. बाजूला ठेवला तर घाईत कुणीतरी पुन्हा घालणारच.

नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर त्यांचा फार राग. पडताना सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, म्हणून खांदे, छाती, मांड्या धरणारा फुल बॉडी हार्नेसच हवा. आणि हूक डोक्याच्या वर. "पायाशी अडकवलास तर दोर ताणायच्या आत दोन परस खाली गेलेला असशील." पुढे मी हिशेब केला: दोर 1.8 मीटर, पाठीवरची कडी पायापासून साधारण दीड मीटर. म्हणजे 3.3 मीटर नुसतं पडणं. मामांचा अंदाज चोख होता.

माणूस पडू शकेल अशा उंचीवर काम असेल, तर कठडा किंवा दुसरी सोय करावी, असं 1948 च्या कारखाने अधिनियमाचं 32 वं कलम सांगायचं. मामांनी ते वाचलं नव्हतं, तरी त्यांचा क्रम ठरलेला: छतावर न चढता काम होतं का ते बघा, होत नसेल तर फळ्या टाका, खाली जाळी बांधा, हार्नेस त्यानंतर. 4 मार्चला सुरक्षा सप्ताहाची शपथ झाली की ते फळ्या मोजायला जात. मला ती शपथ घेण्याची खरी रीत वाटते.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर गळती बुजवताना फळी सरकवत होतो आणि गुडघ्याखालचा पत्रा गेला. मी दोराला लटकलो. खाली मामा होतेच, उंच शिडी आधीच लावून ठेवलेली. विहिरीत माणूस उतरला की यारीवाला जागा सोडत नाही, तसं छतावर माणूस असेपर्यंत ते खालून हलत नसत. "पाय हलवत राहा, पाय!" ते ओरडत होते. लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते, जीवही जाऊ शकतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त त्यांचा आवाज ऐकून पाय हलवत राहिलो.

मी आज बोलतोय तो त्या शिडीमुळे. माझ्या मुलांना हे ठाऊक आहे.

आता वर्क परमिटवर माझी सही लागते. खाली कोण थांबणार, त्याचं नाव लिहिल्याशिवाय मी ती करत नाही. फळ्यांत अर्धा दिवस गेला म्हणून ठेकेदार कुरकुरतात. त्यांच्याशी मी वाद घालतो आणि घालत राहणार.

मामा आता गावी असतात. दिवाळीला पाया पडायला गेलो, तर त्यांनी आधी छताचं विचारलं. यंदा बरीचशी गळती बूम लिफ्टच्या पाळण्यातून बुजवली, पत्र्यावर माणूस चढवलाच नाही, असं सांगितलं. त्यांनी ते यंत्र कसं उभं करतात, जमीन कच्ची असली तर काय, पाळण्यातला माणूस हूक कशाला अडकवतो, सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, "पुढच्या साली उरलेली पण तसंच करा."