दोन विद्यार्थी, एक बिऱ्हाड

आपल्याकडे शिकणाऱ्यांचं वर्ष पावसात सुरू होतं, अमेरिकेत ते पानगळीच्या तोंडावर. सप्टेंबर लागला की न्यू इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या गावांत भाड्याच्या खोल्या भरू लागतात. रस्त्यावर गाद्या, टेबलं आणि पुस्तकांचे खोके दिसतात. मेपलची पानं तांबडी होईपर्यंत अभ्यास मानेवर बसलेला असतो आणि झाडं उघडी पडतात तेव्हा परीक्षेचे दिवस मोजायला सुरुवात होते. एकट्या विद्यार्थ्याची या दिवसांत दमछाक होते. मग नवरा-बायको दोघंही विद्यार्थी असले आणि पाळण्यात मूल असलं, तर त्या घरात काय होत असेल?

१९५६ च्या सप्टेंबरात बोस्टनशेजारच्या केंब्रिज गावात असंच एक बिऱ्हाड येऊन पडलं. नवरा २४ वर्षांचा, बायको २३ वर्षांची, मुलगी १४ महिन्यांची. दोघांचंही नाव हार्वर्ड लॉ स्कूलच्या पटावर होतं. मार्टिन गिन्सबर्ग दुसऱ्या वर्षाला, रूथ बेडर गिन्सबर्ग पहिल्या वर्षाला. पुढे रूथ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २७ वर्षं न्यायमूर्ती होती, त्यामुळे तिच्याबद्दल बोलताना लोक थेट १९९३ सालावर येतात. पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात शिकवून जाणारा भाग केंब्रिजमधल्या या धावपळीत आहे, आणि तिथे रेंगाळायला हवं.

कॉर्नेल विद्यापीठात दोघांची ओळख झाली. दोघांनी एकाच क्षेत्रात जायचं हे त्यांनी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. दिवसभराच्या कामावर रात्री एकमेकांशी बोलता आलं पाहिजे, एवढी साधी अट. मार्टिनने, म्हणजे मार्टीने, रसायनशास्त्र सोडलं होतं, कारण दुपारची प्रॅक्टिकल्स त्याच्या गोल्फच्या आड येत होती. त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार मागे पडला. हार्वर्डचं बिझनेस स्कूल तेव्हा बायकांना घेतच नव्हतं. राहिला कायदा. जून १९५४ मध्ये लग्न झालं आणि लगोलग मार्टीला लष्करात जावं लागलं. ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल छावणीत दोन वर्षं गेली. जुलै १९५५ मध्ये जेन जन्मली, आणि रूथच्या मनात शंका आली की पदरात मूल असताना हे जमायचं कसं. तेव्हा सासऱ्यांनी तिला जे सांगितलं ते घरोघरच्या सासऱ्यांनी ऐकावं असं आहे. तुला शिकायचं नसेल तर याहून चांगलं कारण मिळणार नाही आणि कोणी तुला नावंही ठेवणार नाही. पण खरंच शिकायचं असेल, तर स्वतःची कीव करणं सोड, वाट सापडेल.

वाट सापडली खरी, पण ती सोपी नव्हती. हार्वर्डने तिला आधी शिष्यवृत्ती देऊ केली होती. तिचं लग्न झालंय म्हटल्यावर सासऱ्यांच्या मिळकतीचा तपशील मागवला गेला आणि शिष्यवृत्ती गेली. लॉ स्कूलने मुलींना दारं उघडली तीच मुळी १९५० मध्ये. रूथच्या वर्गात पाचशेहून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांत मुली फक्त नऊ. वर्गाच्या चार तुकड्या असल्यामुळे बहुतेक मुलींना आपल्या तुकडीत आणखी एखादीच सोबतीण मिळे. तिथली शिकवण्याची रीत मोठी कडक. आधी खटले वाचून यायचं, आणि प्राध्यापकांनी नाव पुकारलं की सगळ्यांच्या देखत प्रश्नांना तोंड द्यायचं. मुलग्याचं उत्तर चुकलं तर तो एकटा चुकला. मुलीचं चुकलं तर सगळ्या बाईमाणसांची अक्कल निघाली, हे ओझं त्या नऊजणींच्या मनावर कायम असे. वर्ग भरत त्या दोन इमारतींपैकी एकीतच बायकांसाठी स्वच्छतागृह होतं. दुसरीत असताना गरज पडली की पळत सुटायचं.

त्या शरदातली एक संध्याकाळ जवळून पाहण्यासारखी आहे. डीन अर्विन ग्रिसवोल्ड यांनी नऊही मुलींना घरी जेवायला बोलावलं. प्रत्येकीच्या शेजारी एकेक नामांकित प्राध्यापक बसवले. जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात गोल करून सगळे बसले, आणि डीनसाहेबांनी एकेकीला विचारलं की एखाद्या मुलाला मिळाली असती ती जागा अडवून तुम्ही इथे काय करताय. रूथच्या शेजारी हर्बर्ट वेक्सलर होते, एकामागून एक सिगारेट ओढणारे. दोघांमधली रक्षापात्री तिच्या मांडीवर होती. तिची पाळी आली, ती उठली आणि रक्षापात्रीतली सगळी थोटकं डीनच्या गालिच्यावर सांडली. त्या गोंधळात तिने उत्तर दिलं की नवरा दुसऱ्या वर्षाला आहे आणि बायकोला नवऱ्याचं काम समजलेलं बरं. स्वतःला शिकायचं आहे म्हणून आले, हे खरं कारण त्या खोलीत बोलण्याजोगं नव्हतं. ही आठवण तिने पुढे कितीतरी वेळा सांगितली. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाकडं काही नव्हतं, असंही ती म्हणे. ते मान्य करूनही त्या प्रश्नातला अन्याय तसूभरही कमी होत नाही.

त्या काळात शिकणारी जोडपी काही नवलाईची नव्हती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि लाखो विवाहित तरुण महाविद्यालयांत आले. १९४७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. त्यांच्या संसारांसाठी विद्यापीठांनी लष्कराच्या जुन्या बराकी आणि अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या आणून उभ्या केल्या, कुठे ट्रेलरच्या वसाहती वसवल्या. अनेक ट्रेलरांत पाण्याचा नळही नसे. नवरा वर्गात, बायको ऑफिसात टायपिंग करते आहे, कडेवर मूल, असं ते चित्र. नवरा पदवीधर झाला की काही विद्यापीठांत बायकोलाही समारंभाने प्रमाणपत्र दिलं जाई. त्या ‘पदवी’चं नाव होतं ‘पीएचटी’, म्हणजे ‘पुटिंग हबी थ्रू’. नवऱ्याचं शिक्षण पार पाडलं, याबद्दल. देणाऱ्यांना ते कौतुक वाटे. पण त्या बायकांपैकी कितीजणी स्वतःचं शिक्षण अर्धवट टाकून टाइपरायटरवर बसल्या होत्या, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसे.

दोघं शिकत असलेल्या घरात वेळ कमी पडतोच, त्याला इलाज नाही. खरा प्रश्न असतो तो कोणाचा अभ्यास घरात ‘अभ्यास’ म्हणून धरला जातो आणि कोणाचा उरल्यासुरल्या वेळातली हौस म्हणून. गिन्सबर्गांच्या घरात दोन्ही वह्यांना सारखी किंमत होती. मार्टी आपल्या दोस्तांना आधीच सांगत सुटला होता की माझी बायको ‘लॉ रिव्ह्यू’ या कायद्याच्या नियतकालिकावर जाणार. पहिल्या वर्षाच्या गुणांवर निवड होणारं ते मानाचं काम. तिचं पहिलं सत्रही तेव्हा पुरं झालेलं नव्हतं.

दिवसाची आखणी ठरलेली होती. सकाळी आठला मुलीला सांभाळणाऱ्या बाई येत आणि चारला जात. आठ ते चार या वेळात रूथ वर्गात, नाहीतर ग्रंथालयात. दोन तासांच्या मधला रिकामा वेळ इतर मुलं कॉफीवर घालवत, तो ती पुस्तकात घालवी. चारच्या ठोक्याला मात्र पुस्तक मिटायचं. त्यापुढचा वेळ जेनचा. तिला बागेत न्यायचं, तिच्याशी पोरकट खेळ खेळायचे, अंघोळ घालायची, झोपवायचं. नोव्हेंबरअखेर बोस्टनच्या बाजूला सव्वाचारलाच सूर्य मावळतो, म्हणजे बाई जायला आणि दिवेलागणीला एकच गाठ. उन्हाचा जेमतेम कवडसा या मायलेकींच्या वाट्याला यायचा. जेन झोपली की पुन्हा खटले आणि टिपणं.

एवढ्या ओढाताणीत माणूस चिडचिडा होईल असं कोणालाही वाटेल. रूथचा अनुभव उलटा होता. लॉ स्कूलमध्ये आपला निभाव चांगला लागला तो जेनमुळेच, असं ती ठामपणे सांगे. दिवसभर डोक्यात करार आणि नुकसानभरपाईचे मुद्दे घोळत असले तरी चारनंतर जमिनीवर बसून ठोकळे रचणाऱ्या पोरीला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं. आणि पोरीमागे धावून धावून जीव मेटाकुटीला आला की रात्रीचं पुस्तक ही विश्रांती वाटते. एका कामाने दुसऱ्या कामाचा शीण उतरे. वर्गातल्या मुलांना जगात परीक्षेपलीकडे काही दिसत नव्हतं, तिला रोज चारला दिसत होतं.

स्वयंपाकघराचं तर सांगायलाच हवं. फोर्ट सिलमध्ये रूथने केलेला एक पदार्थ ताटात पाहून मार्टीला हे नेमकं काय आहे असा प्रश्न पडला होता. मग लग्नाची भेट म्हणून आलेलं एस्कॉफिए या फ्रेंच आचाऱ्याचं जाडजूड पुस्तक त्याने उघडलं आणि प्रयोगशाळेत शिकलेल्या शिस्तीने एकेक पाककृती करून पाहायला सुरुवात केली. पुढे तो नामी स्वयंपाकी झाला. रोजचं साधं रूथकडे, सुट्टीचं आणि पाहुण्यारावळ्यांचं मार्टीकडे, अशी वाटणी बरीच वर्षं चालली. आपण कोणावर उपकार करतो आहोत असा आव त्याने कधी आणला नाही. त्याला चांगलं खायला हवं होतं आणि तिला वाचायला वेळ हवा होता.

दुसऱ्या वर्षी ती खरोखरच लॉ रिव्ह्यूवर गेली. त्या कामासाठी एका रात्री तिला लॅमाँट ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकातला एक संदर्भ ताडून पाहायचा होता. दारावरच्या माणसाने अडवलं, बायकांना आत प्रवेश नव्हता. मी दारातच उभी राहते, तुम्ही अंक आणून द्या, असंही तिने म्हणून पाहिलं. तेही नाही. १९६७ पर्यंत ते ग्रंथालय मुलींना बंद होतं.

आणि त्याच वर्षी मार्टीला कर्करोग झाल्याचं निदान झालं. त्या रोगातून वाचलेली माणसं तेव्हा फार थोडी दिसत. शस्त्रक्रिया झाली, मग रोज किरणोपचार. तो वर्गात जाऊ शकत नव्हता. शेवटच्या सत्रात तो जेमतेम दोन आठवडे वर्गात बसला. रूथने त्याच्या प्रत्येक विषयातला चांगली टिपणं काढणारा विद्यार्थी हेरला, त्यांच्या हाती कार्बन पेपर दिले आणि त्यांनी काढलेल्या टिपणांची एकेक प्रत आपल्याला मिळेल अशी सोय केली. ती रात्री टाइप करायची. मार्टीला मध्यरात्रीच्या सुमाराला जरा अन्न जायचं. ते खाऊन झालं की तो आपला शेवटच्या वर्षाचा निबंध तोंडी सांगे आणि ती टाइप करी. दोनच्या सुमारास तो झोपला की ती स्वतःची पुस्तकं उघडी. आठवडाभर रोज दोनेक तासांची झोप, शनिवार-रविवारी भरपाई. त्यात जेन दोन वर्षांची, आणि चार वाजता सुरू होणारा तिचा वेळ तसाच. या दिवसांचं वर्णन रूथने नेहमी कोरडेपणाने, कामांची यादी सांगावी तसं केलं. पण त्या यादीत वर्गमित्रांचं ऋण ती आवर्जून मोजत असे. एकमेकांचे गुण ओढायला बसलेल्या त्या वर्गातली मुलं घरी येऊन मार्टीला शिकवून जात होती. मार्टीने म्हटलंय की त्याला सगळ्यात चांगले गुण त्याच सत्रात मिळाले.

१९५८ मध्ये मार्टी पदवीधर झाला, बरा झाला, न्यूयॉर्कमध्ये करविषयक कायद्याच्या नोकरीला लागला. आजार उलटण्याची भीती होतीच, त्यामुळे वेगळं राहायचं नव्हतं. तिसरं वर्ष तिथल्या कोलंबिया विद्यापीठात पुरं केलं तर पदवी हार्वर्डची मिळेल का, असं रूथने विचारलं. हार्वर्डवाले नाही म्हणाले. ती कोलंबियात गेली आणि १९५९ मध्ये तिथे पहिल्या क्रमांकाची विभागून मानकरी ठरली. त्यानंतर नोकरीसाठी तिने न्यूयॉर्कच्या वकिली कंपन्यांची दारं ठोठावली आणि एकाही ठिकाणी तिला घेतलं नाही.

आज पुण्या-नागपूरहून ऑगस्टात बोस्टनला उतरणारी जोडपी हाच हिशेब वेगळ्या कागदांवर मांडतात. एकाकडे विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा आणि दुसऱ्याकडे जोडीदाराचा एफ-२ असेल, तर दुसऱ्याला नोकरीची परवानगी नसते आणि त्या व्हिसावर पूर्णवेळ पदवीचं शिक्षणही घेता येत नाही. दोघांना प्रवेश मिळाला, तर गणपती सत्राच्या सुरुवातीला येतात, दिवाळी ऐन चाचण्यांच्या दिवसांत. फराळाचे डबे आणि प्रयोगशाळेची पाळी यांचा मेळ त्यांनाही घालावा लागतो, आणि त्यांच्याही घरात एकाचं शिक्षण आधी आणि दुसऱ्याचं ‘मग बघू’ असं न बोलता ठरून जाऊ शकतं.

गिन्सबर्गांची विद्यार्थिदशेतली सवय मात्र पुढे सुटली नाही. १९७० च्या शरदात रूथ रटगर्समध्ये प्राध्यापक होती, मार्टी नामवंत करवकील. रात्री शेजारशेजारच्या खोल्यांत दोघं आपापलं काम करत बसत. एका संध्याकाळी मार्टी करविषयक निकाल चाळत असताना त्याला डेन्व्हरच्या चार्ल्स मॉरिट्झचा खटला दिसला. म्हाताऱ्या आईला सांभाळण्यासाठी माणूस ठेवण्याच्या खर्चावरची सवलत त्याला नाकारली होती, कारण तो लग्न न केलेला पुरुष होता. अविवाहित बाईला ती मिळाली असती. मार्टी कागद घेऊन तिच्या खोलीत गेला आणि हे वाच म्हणाला. मी करांचे खटले वाचत नाही, असं ती म्हणाली. हा वाच, म्हणून तो आपल्या खोलीत परतला. पाच मिनिटांत ती त्याच्या दारात आली आणि म्हणाली, हा आपण घेऊ. अपिलात दोघांनी मिळून युक्तिवाद केला आणि १९७२ मध्ये निकाल मॉरिट्झच्या बाजूने लागला.