उतरायला किनारा कुठे आहे?

मागच्या महिन्यात विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका पोराने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर होता: ज्यूंनी दोन हजार वर्षं मार खाल्ला आणि शेवटी स्वतःचं राष्ट्र उभं केलं, आपल्या समाजाने त्यांच्याकडून शिकावं. दुसरा लगेच उसळला, "गाझात काय चाललंय ते दिसत नाही का? त्यांच्याकडून काय शिकायचं?" वाद पेटला. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला, "१९३९ साली ज्यू माणूस जर्मनीतून निघालाच, तर उतरणार कुठे होता?" दोघेही गप्प. खरं सांगायचं तर समाजशास्त्रात एम.ए. करून बाहेर पडलो तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं. आम्हाला छळछावण्या शिकवल्या होत्या, बोटी शिकवल्या नव्हत्या.

म्हणून आज बोटींबद्दल.

सुरुवातीला नाझींना ज्यू देशाबाहेर हवे होते. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याच वर्षी व्हिएन्नात आइकमनने खास कार्यालय उघडलं. तिथे माणसाची मालमत्ता काढून घ्यायची, हातात पासपोर्ट द्यायचा आणि चालता हो म्हणायचं. त्या पासपोर्टवर ऑक्टोबर १९३८ पासून लाल 'जे' अक्षराचा शिक्का आला. नावावरून ज्यू ओळखू येत नसेल, तर पुरुषाने 'इस्राएल' आणि बाईने 'सारा' हे जादा नाव लावायचं, असा हुकूम निघाला. भाड्याने खोली बघायला गेल्यावर "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मग जगाने काय केलं? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियां गावी ३२ देशांची परिषद भरली. सहानुभूतीची भाषणं झाली. दार मात्र जवळपास कुणीच उघडलं नाही. एक लाखापर्यंत माणसं घेण्याची तयारी एकट्या डॉमिनिकन रिपब्लिकने दाखवली. ऑस्ट्रेलियाचा प्रतिनिधी म्हणाला की, आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आमची इच्छा नाही. तिथल्या मूळनिवासींची जमीन बळकावून बसलेल्या सरकारचा हा प्रतिनिधी!

१३ मे १९३९ रोजी हॅम्बुर्गहून 'सेंट लुईस' ही बोट क्युबाकडे निघाली. ९३७ प्रवासी, बहुतेक सगळे ज्यू. बहुतेकांकडे पैसे मोजून घेतलेले उतरण्याचे परवाने होते. पण बोट सुटण्याआधीच क्युबाच्या सरकारने ते रद्द ठरवले होते. हवानाला फक्त २८ जणांना उतरू दिलं. पुढे फ्लोरिडाचा किनारा डोळ्यांना दिसत होता, पण अमेरिकेनेही नकार दिला. बोट युरोपला परतली. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडने प्रवासी वाटून घेतले. वर्षभरात ब्रिटन सोडून बाकी तिन्ही देशांवर हिटलरचं सैन्य चढलं. परतलेल्यांपैकी २५४ माणसं मारली गेली.

ही बोट अजून समुद्रात असतानाच, १७ मे रोजी, पॅलेस्टाईनवर राज्य करणाऱ्या ब्रिटनने श्वेतपत्रिका काढली: पाच वर्षांत फक्त ७५,००० ज्यूंना प्रवेश. चोरून आलेले पकडले, तर तेही याच आकड्यातून वजा.

चोरून येणं १९३४ पासूनच सुरू झालं होतं. त्या वर्षी 'वेलोस' या ग्रीक बोटीने साडेतीनशेच्या आसपास माणसं रात्रीच्या अंधारात किनाऱ्याला लावली. दुसऱ्या खेपेला ब्रिटिश पहारा कडक झाला आणि बोटीला माघारी फिरावं लागलं. या चोरवाटेला नाव पडलं 'आलिया बेत'. बेत हे हिब्रू वर्णमालेतलं दुसरं अक्षर. पहिल्या अक्षराची माणसं परवानेवाली, ही दुसऱ्या अक्षराची.

काम कसं चालायचं बघा. डॅन्यूब ही आंतरराष्ट्रीय जलमार्ग ठरलेली नदी, त्यामुळे काठावरच्या देशांचा व्हिसा लागत नसे. व्हिएन्ना किंवा ब्रातिस्लाव्हाहून नदीच्या बोटीने काळ्या समुद्रापर्यंत यायचं. तिथे मोडकळीला आलेली मालवाहू जहाजं उभी. तळघरात फळ्यांचे मजले ठोकून माणसं रचायची. हातात भलत्याच दूरच्या देशाचा व्हिसा, जिथे कुणालाच जायचं नव्हतं. यात निष्ठेने राबणारे कार्यकर्ते होते, तसे माणसांच्या जिवावर पैसे करणारे जहाजमालकही होते.

ऑगस्ट १९३९ मध्ये रोमानियाहून 'टायगर हिल' निघाली. वाटेत तिने 'फ्रोसुला' या दुसऱ्या बोटीवरची माणसं घेतली, जी कित्येक आठवडे समुद्रातच भटकत होती. एकूण सुमारे १,४०० माणसं. ब्रिटिश गस्ती बोटीने गोळ्या झाडल्या, दोघे मेले. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवसांत बोट तेल अवीवच्या वाळूत घुसवली गेली. तिकडे हिटलरची फौज पोलंडमध्ये शिरत होती, आणि इकडे हिटलरपासून पळालेल्यांवर ब्रिटनची बंदूक रोखलेली होती.

म्हणजे परवाने घेऊन गेलेल्यांना परत पाठवलं आणि बेकायदा गेलेले पोचले. सगळेच पोचले असं मात्र नाही. युद्ध सुरू झाल्यावरही बोटी निघतच राहिल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये 'स्ट्रुमा' काळ्या समुद्रात बुडाली, साडेसातशेहून जास्त माणसं गेली आणि एकच तरुण वाचला. पण 'बेकायदेशीर' हा शब्द माणसाला चिकटवून जग आपले हात कसे धुतं, ते या बोटींनी दाखवलं. महाडला कायदा आपल्या बाजूने होता आणि समाजाने पाणी अडवलं. इथे समाज हळहळत होता आणि कायद्याने किनारा अडवला. अडवणाऱ्याला कोणतंही हत्यार चालतं.

नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं की ज्यू हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य आहेत. तुलना बरोबर होती. उपाय काय सांगितला? जर्मनीतच राहा आणि सत्याग्रह करा. आपल्याला सांगितलेलं औषधही याच जातीचं होतं: गावातच राहा, सवर्णांचं हृदयपरिवर्तन होईल. बाबासाहेबांनी १९४३ साली गांधीजींवरच्या पुस्तिकेत नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविरुद्धचा सनातनवाद विचाराने आणि परिणामाने एकच आहेत असं मांडलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, ३१ मे १९३६ रोजी, 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात निघण्याची तयारी सांगताना त्यांनी दाखला दिला होता तो नावाड्याचाच. प्रवासाआधी नावाडी जशी तयारी करतो, तशी धर्मांतराचीही करावी लागते.

आता अभ्यासवर्गातल्या दुसऱ्या पोराचा मुद्दा. तो खोटा नाही. या बोटी जिथे लागत होत्या तो किनारा रिकामा नव्हता. तिथे अरब राहत होते, आणि १९३६ ते १९३९ या काळातला त्यांचा उठाव ब्रिटिशांनी चिरडला होता. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादारातून हुसकले गेले. एकाचा किनारा दुसऱ्याच्या हद्दपारीवर उभा राहिला. म्हणून बोटीतल्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं, पण त्याच्या नावावर नवे निर्वासित तयार करणाऱ्या सत्तेच्या बाजूने नाही. ही कसरत नाही, ही समतेची साधी अट आहे.

बाबासाहेबांनी निवडलेला किनारा आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसं उतरली आणि त्यासाठी एकाही माणसाला आपलं घर सोडावं लागलं नाही. मात्र कागदाने तिथेही पाठ सोडली नाही. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा केंद्रीय दर्जा मिळायला १९९० उजाडलं. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर शेवटपर्यंत 'हिंदू महार' राहिलं. घरात बुद्धवंदना आणि कागदावर जुना शिक्का. भलत्याच देशाचा व्हिसा हातात धरून बसलेला तो बोटीतला माणूस मला परका वाटत नाही, तो यामुळेच.

मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी "ज्यूंकडून शिका" म्हणालं तर जरूर शिका. पण आधी विचारा, बोटीतल्यांकडून की बंदूकवाल्यांकडून? आणि आज कुठल्याही समुद्रात अडकलेल्या बोटीची बातमी आली, की त्यातल्या माणसांचा धर्म विचारण्याआधी एवढंच विचारा: यांना उतरायला किनारा कुठे आहे?

जय भीम!