किती देवांचे?

भूगोलाच्या सहलीची सूचना फलकावर लागली तेव्हा कुणीतरी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले होते, ‘लाव्हाची गुहा पाहायला चला!’ जायचे होते कचारगडला. सालेकसा तालुक्यातला हा डोंगर गोंदियाच्या माणसाला नावाने ठाऊक असतो. पण आमच्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला होता. मीही पाहिला नव्हता. का पाहिला नव्हता, हा प्रश्न तोवर मला पडलेला नव्हता.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. आमगाव, सालेकसा मागे पडले आणि दरेकसा जवळ येताच डोंगर रुळांच्या अगदी जवळ सरकले. सरांनी गाडीतच पेन्सिलवाल्याची फिरकी घेतली. ‘‘वाहत्या लाव्हाची वरची साय थिजते, आतला रस वाहून जातो आणि पोकळ नळी उरते. ती लाव्हागुहा. पण महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या लाव्हाने झाकला, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. आणि आपण त्याच्या हद्दीबाहेर आहोत. या परिसरातही ज्वालामुखीचे खडक आहेत, पण ते २०० कोटींहून अधिक वर्षांचे. इतक्या काळात लाव्हाची नळी टिकत नसते, बाळांनो!’’ आकडे ऐकून आम्ही हसलो. २०० कोटी वर्षे ही काय कल्पना करण्याजोगी गोष्ट आहे?

धनेगावला एक वयस्क गृहस्थ वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर आले. डोक्याला पिवळा दुपट्टा, हातात काठी. आमची गाणी, भेंड्या, डब्यातल्या पुऱ्या हे सारे ते शांतपणे पाहत होते. जंगलातली चढण संपली आणि समोर गुहेने जबडा उघडला. ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याची मुलांची तयारी सुरू होती. मीही त्यांत होते, हे कबूल केले पाहिजे. वाटाड्याने वहाणा काढल्या, वाकून मातीला हात लावला आणि म्हणाले, ‘‘जय सेवा.’’ आमचे ओरडणे घशातच राहिले.

आत गारवा होता, वटवाघळांचा उग्र वास होता. त्या अर्धवट काळोखात त्यांनी कथा सांगितली. माता काली कंकालीची ३३ मुले भारी खोडकर होती. शंभूने त्यांना या गुहेत कोंडले आणि दारावर प्रचंड शिळा ठेवली. त्या मुलांना माया लावणारी जंगो रायताड कळवळली. पारी कुपार लिंगोने सुटकेची युक्ती काढली. हिरासुका पाटालीर याने किंगरी वाजवली. त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले आणि साऱ्यांनी मिळून शिळा ढकलली. मुले सुटली, पण घरंगळत्या शिळेखाली सापडून हिरासुका गेला. ती मुले पुढे लिंगोचे शिष्य झाली आणि त्यांच्यापासून गोत्रे चालत आली. म्हणूनच माघ पौर्णिमेला कितीतरी राज्यांतून गोंड माणसे या डोंगरावर येतात.

कथा संपली. त्यांनी आमची नावे विचारायला सुरुवात केली. माझे आडनाव ऐकताच त्यांचा चेहरा एकदम खुलला.

‘‘अरे, आपलीच पोरगी! किती देवांचे जी तुम्ही?’’

मी गप्प. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. यावरून गोंडांत भाऊबंद कोण आणि सोयरे कोण ते ठरते, हे मला त्या दिवसानंतर कळले. त्यांना वाटले, मी लाजते आहे. ‘‘बरं, सांग माय या पोरींना, आपण स्वतःले काय म्हणतो?’’

तेही मला ठाऊक नव्हते. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. शेवटी त्यांनीच हळूच सांगितले, ‘‘कोयतूर.’’ रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. सर शेजारी येऊन म्हणाले, ‘‘नागपूरला हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. खडक आणि जीवाश्म अभ्यासायचे. त्यांनीच एका परधानाकडून लिंगोचे गाणे उतरवून घेतले. १८६३ साली ते वारले, आणि १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले. त्या गाण्यातही महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. आणि आपल्याच काळात डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषेवर आणि धर्मावर आयुष्यभर लिहिले. वाच कधी.’’ म्हणजे परक्या मुलखातून आलेल्या माणसाने दीडशे वर्षांपूर्वी जे विचारले, ते मी माझ्याच घरात विचारले नव्हते!

आमच्या घरी गोंडी बोलत नाहीत. शाळेत मुले हसायची म्हणून बाबांनी ती लहानपणीच सोडली, एवढेच मला ठाऊक होते. त्यांना मी दोष देत नाही. पण त्यांनी आपल्या दारावर ठेवलेल्या शिळेआड मीही वाढले, हे मला त्या गाडीत प्रथमच जाणवले.

रात्री आजीच्या अंथरुणाशी बसून विचारले, ‘‘आजी, आपण किती देवांचे?’’

तिने माझ्याकडे रोखून पाहिले. ‘‘सहा,’’ ती म्हणाली. आणि मग बऱ्याच वेळाने, ‘‘तुले कोणं सांगितलं इचारायले?’’

मी कचारगडचे सारे सांगितले. पुढच्या खोलीत बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मध्येच पान उलटण्याचा आवाज थांबला. ते दारात आले आणि आजीला काहीतरी म्हणाले. गोंडीत. त्यांच्या तोंडून ती भाषा मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते. आजी हसली, डोळे पुसले.

मला त्यातला एक शब्दही कळला नाही. पण या वेळी मी गप्प बसले नाही. मी विचारले, ‘‘बाबा, म्हणजे काय?’’